तेओचा उजवा हात

८ जानेवारी
आजपासून तेओला चमचा शिकवायचा.
सूनबाई म्हणाली, आई, फेब्रुवारीतल्या आपल्या नव्या वर्षाच्या सणापर्यंत तो स्वतःच्या हाताने जेवायला हवा. मार्चमध्ये पाळणाघर सुरू होतं. तिथे एक बाई आणि पाच पोरं, भरवत कोण बसणार? मी म्हटलं, सणाला महिना आहे, मला आठवडा पुरे. मी तीन पोरं वाढवली, शेळीची करडंही वाढवली. चमचा म्हणजे काय डोंगर उचलायचाय?
मुलगा फोनमधून डोकं न काढता म्हणाला, नाही जमलं तर देजॉन शहरातल्या तुझ्या विहीणबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, येऊन राहायला तयार आहेत. फ्लॅटमध्ये आजीला निजायला खोली एकच. म्हणजे मी परत गावाला.
जाईन की. सतराव्या मजल्यावर राहायची मला हौस नाही. शेतात लसूण आहे माझा. पण पोराला माझी सवय झालीय, म्हणून थांबायचं. विहीणबाई योगा करतात. त्यांच्याकडून काय शिकेल, पाय मानेवर घ्यायला?
रोज दोन ओळी लिहायच्या, असं गावच्या वर्गातल्या मास्तरणीने बजावलंय. सत्तरीत शिकलेली अक्षरं म्हणे लवकर गंजतात.

९ जानेवारी, दुपार
पहिला धडा. मऊ भात, समुद्री शेवाळाचं सार, वाफवलेलं अंडं. चमचा उजव्या हातात दिला. त्याने डाव्यात घेतला. काढून उजव्यात दिला. परत डाव्यात. डाव्या हाताने भात उचलून थेट तोंडापर्यंत नेला होता, मी वेळेत पकडला.
डावखुरा नाही. नवीन आहे, गोंधळतो.
प्रगती चांगली.

१२ जानेवारी
आज उजव्या हाताने जेवला. सगळी वाटी. मनगट मी धरलं होतं आणि कोपरही मीच वर उचलत होते, पण चमचा त्याच्या मुठीत होता. म्हणजे त्यानेच खाल्लं.
सूनबाईला सांगितलं. ती म्हणाली, आई, हात कुठलाही चालतो, मी वाचलंय. हिने सगळं वाचलेलंच असतं. उद्या लग्नाच्या पंगतीत हा शेजारच्याच्या कोपराला कोपर मारत जेवेल, तेव्हा लोक पुस्तकाला विचारणार नाहीत. म्हणतील, कुणी वाढवलं हे पोर? आजीने.

१७ जानेवारी
युक्ती सापडली. डाव्या हातावर मोजा चढवला, वर दोरा बांधला. तेओने मोजा चावला, मोजा चोखला, मोज्यानेच अंड्याची वाटी पाडली. चमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.
सूनबाई कामावरून आली, म्हणाली हाताला मोजा कशाला? म्हटलं थंडी. तिने आमच्या खालून तापवलेल्या फरशीकडे पाहिलं, मग घामेजलेल्या तेओकडे, मग माझ्याकडे. शिकलेल्या मुली अशाच, बोलत नाहीत. घरातली हवा जड करून ठेवतात.
उद्यापासून दोरा सैल.

२१ जानेवारी
तोंडच उघडत नाही. मी उजव्या बाजूने चमचा नेला की मान फिरवतो. भात भिंतीवर. सार माझ्या मांडीवर. लिफ्टमध्ये बाराव्या मजल्यावरच्या बाईने माझ्या केसातून टोफूचा तुकडा काढला आणि विचारलं, नातू जेवतो का नीट? म्हटलं, भरपूर. तिने तो तुकडा टिश्यूत गुंडाळून माझ्याच हातात दिला.
हा हट्ट आहे. हट्ट मोडायला वेळ लागतो. माझ्या धाकट्याचा मोडायला सात वर्षं लागली होती. पण तो बैलासारखा होता, हा तर माणूस आहे.

२४ जानेवारी
आज थोडी मदत केली. तो झोपला होता, तेव्हा त्याच्या गालाला, हनुवटीला आणि लाळेऱ्याला भात फासला. उजव्या तळव्यालाही. सूनबाई आली, बघून खूश झाली, स्वतःच्या हाताने जेवला का, म्हणाली. म्हटलं, बघतेस ना.
खोटं नाही. पुढच्या आठवड्यात होणार आहे ते आधी सांगितलं, एवढंच.
तिने तेओला उचललं. म्हणाली, आई, हा हलका लागतोय.

२८ जानेवारी
डॉक्टरकडे नेलं. वजन उतरलंय. डॉक्टरणीने विचारलं, घरात जेवताना काय होतं? मी म्हटलं, दात येतायत. सूनबाई गाडीत रडली. मुलगा गाडी चालवत होता, त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच रस्त्याकडे पाहायला लागला.
दातच आहेत. दुसरं काय असणार?

१ फेब्रुवारी, पहाट
कुणी उठायच्या आधी पाण्याचा वाडगा ठेवला. पोरं देणारी आमची देवी, तीही आजीच आहे. तिला म्हटलं, बाई, तू पोर दिलंस ते ठीक, पण कोणता हात आधी हलवायचा ते सांगून पाठवायला काय झालं होतं? सणापर्यंत एवढा उजवा हात चालू दे. नंतर मी तुला काही मागणार नाही, गुडघे बरे कर असंसुद्धा नाही.
दुपारी तेओ काहीच खाईना. माझ्याच्याने राहवलं नाही. त्याच्या मागे मागे सोफ्याभोवती फिरून, बाल्कनीतली कबुतरं दाखवून, मी माझ्या हाताने भरवलं. गपागपा खाल्लं. भुकेलं होतं पोर.
हे फक्त आजच. वजन भरून निघेपर्यंत.

५ फेब्रुवारी
आजपर्यंत "फक्त आजच" चालू आहे.
मुलगा अचानक लवकर आला. मी तेओच्या डाव्या मुठीतून चमचा सोडवत होते, तो किंचाळत होता. मुलगा बूट न काढता दारातच उभा.
"आई, त्याला त्या हाताने खाऊ दे ना."
"वरून तुझा बाप बघतोय."
"बाप बघतोय तर त्यालाही दिसत असेल, पोर उपाशी आहे."
माझ्याशी हा असं बोलला. बापाचं नाव मी काढलं होतं, त्याने बापालाच माझ्याविरुद्ध उभं केलं. चमचा मी सोडला नाही. तेओने सोडला.

१० फेब्रुवारी, सण
पितरांपुढे ताट मांडलं. मुलाने वाकून नमस्कार केला, सूनबाईने केला, तेओला उपडं घातलं तर तो तिथेच झोपला. घरात सगळं चांगलं झालं. पाहुण्यांना मी सांगितलं, नातू जवळजवळ जेवायला शिकलाय. "जवळजवळ" हळू म्हटलं.
सूनबाई स्वयंपाकघरात आली. भांडी पुसता पुसता म्हणाली, परवा माझी आई येतेय. फक्त दोन दिवसांसाठी.
सामान किती घेऊन येते ते बघू.

१२ फेब्रुवारी
दोन बॅगा. एक गुंडाळलेली चटई.
विहीणबाई साठीच्या, पण पाठ सरळ. मी म्हटलं, पोर माझ्याच हातचं खातं, तुम्ही दमून आलात, बसा. त्या बसल्या नाहीत. तेओच्या खुर्चीजवळ गेल्या आणि त्याच्यापुढचं ताट फिरवलं. साराची वाटी डावीकडे, भात उजवीकडे. चमचा डाव्या बाजूला.
माझ्या अंगावर काटा आला. असं उलटं ताट आम्ही मेलेल्यांना मांडतो. परवाच पितरांना असंच मांडलं होतं. जिवंत पोरापुढे पितरांचं ताट? मी म्हटलं, हे काय करताय, उचला आधी. त्या म्हणाल्या, थांबा जरा.
मी थांबले, कारण तेओने चमचा उचलला होता.
डाव्या हाताने. सार उचललं, थोडं सांडलं, बाकीचं तोंडात. मग भात. मग परत सार. त्याने वाटी संपवली, तळ खरवडला आणि चमच्याने टेबल बडवून आणखी मागितलं.
विहीणबाई म्हणाल्या, "पोराला जेवता येतं हो, विहीणबाई. केव्हाचं येतंय. तुम्हीच त्याच्या हातावर पहारा बसवला होतात."

सूनबाईने तेओचा डावा हात पुसला, एकेक बोट. माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

१४ फेब्रुवारी
मुलाने बसस्टँडवर सोडलं. म्हणाला, थोडे दिवस आराम कर आई, गावी तुझी मैत्रीण आहे, लसूण आहे. पिशवीत फळं घातली. मी म्हटलं, आठवड्याभरात तुम्हीच न्यायला याल. त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. बस हलली.
बॅग उघडायची नाही. परत जायचंच आहे.

२६ फेब्रुवारी
फोन नाही. याचा अर्थ तिकडे गोंधळ आहे आणि सांगायला लाजतायत.
गावच्या म्हाताऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत माझी मैत्रीण बोकसुन म्हणाली, काय गं, हाकलून दिलं का? म्हटलं, सुट्टीवर आलेय. ती म्हणाली, सुट्टीत बॅग उघडतात. हिला माझ्या घरात डोकवायची काय गरज?

५ मार्च
फोटो आला!
पाळणाघराचा पहिला दिवस. सूनबाईने फोन हातभर लांब धरून स्वतःसकट काढलाय. तेओ तिच्या मांडीवर, गाल फुगलेले, तोंडात चमचा. आणि चमचा उजव्या हातात. उजव्या!
मी चष्मा पुसून पाहिलं. उजवा. बघा म्हणावं. महिनाभर मी रक्त आटवलं, ते वाया नाही गेलं. विहीणबाईंनी डाव्याकडे वळवलं तरी माझी शिकवण हाडात मुरली होती, वेळ आल्यावर वर आली.
म्हाताऱ्यांच्या खोलीत सगळ्यांना दाखवला. तांदळाचे केक मागवले, माझ्याकडून. बोकसुनला म्हटलं, हे असतं आजीचं काम. ती केक खात होती, म्हणून गप्प होती.
मुलाला फोन केला. सोमवारी येते म्हटलं. तो म्हणाला, कशाला? म्हटलं, पोराला आता चांगलं वळण लागलंय, ते बिघडू द्यायचं नाही. तो म्हणाला, आई, बोलू आपण. बोलायचं काय त्यात.

६ मार्च, संध्याकाळ
फोटो परत परत पाहिला. लाळेऱ्यावर त्याचं नाव शिवलंय, ते वाचायला गेले तर वाचता येईना. अक्षरं ओळखीची वाटतात आणि नाहीतही. मला वाटलं, गंजली. एवढ्या कष्टाने शिकलेली अक्षरं गेली.
केस विंचरायला आरशापुढे बसले. फोन हातातच होता. आरशात फोटो दिसला आणि लाळेऱ्यावरचं नाव सरळ वाचता आलं. तेओ.
चमचा डाव्या हातात.
मग आठवलं. बोकसुन स्वतःचा फोटो काढते तेव्हा तिच्या गालावरचा तीळ दुसऱ्या गालावर जातो. त्यावर आम्ही किती हसलो होतो. मीच जास्त हसले होते.
फोनमध्ये सरळ पाहिलं, उजवा. आरशाकडे वळवला, डावा. बराच वेळ हेच करत बसले. डाव्या हाताने धरलेला चमचा सरळ होता. भात सांडलेला नव्हता. गाल भरले होते.
बॅग उघडली. कपड्यांना कोंदट वास आलाय, दोरीवर टाकले.
मुलाला फोन करून सांगितलं, गुडघे दुखतायत, सोमवारी येत नाही. तो म्हणाला, बरं.
"बरं" म्हणायच्या आधी जरा तरी थांबायचं होतं त्याने.