कोर्टासमोरची खोली कोणाची

मी, धंद्याने वकील, अविवाहित, जिला कोर्टात तोंडावर मॅडम आणि पाठीमागे मिरची म्हणतात, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मनात संताप आहे, पण संतापामुळे मृत्युपत्र रद्द होत नाही.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. दिवाणखान्यातली सन्मानचिन्हे तिने आधी भंगारात काढावीत. ती ज्या समारंभांत मिळाली तिथली भाषणे आठवली की अजून मळमळते.

२. दोन्ही काळे कोट जाळावेत. काखेत विरले आहेत, आठवण म्हणून कोणी ठेवू नयेत.

३. कायद्याची पुस्तके बहिणीच्या नातीला. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला माझा सल्ला एवढाच, की समोर आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. चोर बहुधा तिथेच दबा धरून बसलेला असतो.

४. कोर्टासमोरची माझी खोली, टेबल आणि न लागणाऱ्या खिडकीसह, भाच्याला. त्याचा बाप, म्हणजे माझा भाऊ, गेला तेव्हा मी भाच्याला तसा शब्द दिला होता, आणि शब्द फिरवणाऱ्यांची मला किळस येते. भाचाही वकील आहे, निदान पाटीवर. हल्ली तो 'वकिलीत पुढे कसे यावे' यावर विद्यार्थ्यांना व्याख्याने देतो. एकदा नात मला अशा व्याख्यानाला घेऊन गेली. "कोट उत्तम शिवा. अशिलाला फार बोलू देऊ नका. कागद वाचायला ज्युनिअर असतात, तुम्ही माणसं वाचा." मुले हे लिहून घेत होती. मला शिसारी आली. याच गृहस्थाने आपल्याच अशील असलेल्या एका विधवेच्या तडजोडीच्या कागदावर न वाचता सही ठोकली, आणि आज तिला स्वतःच्या माडीचा जिना चढायला दिराला विचारावे लागते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

परतताना नात म्हणाली, "आजी, मामा म्हणतो कोर्टाचा नाद सोड, कंपनीत जा. मला कोर्टातच उभं राहायचंय गं. पण अशील आला तर त्याला बसवू कुठे?"

"वाचायचं काय, ते सांगितलं का त्याने?"

"नाही. कोटाचा शिंपी सांगितला."

५. या मृत्युपत्रात ज्याला काही मिळते, त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर मृत्युपत्र टिकावे आणि त्याचा वाटा जावा, अशी माझी अट आहे. असा नियम कॉलेजातही शिकवतात. भाच्याचा वाटा असा गेलाच, तर खोली नातीची. साक्षीसाठी मी आज डॉक्टरांना आणि भाच्यालाच बोलावले आहे. कागद पुढे ठेवताना "नीट वाच रे बाबा" असे मी त्याला डॉक्टरांदेखत सांगेन. त्याने वाचले, तर तो पेन खाली ठेवील, मी शेजारणीची साक्ष घेईन, आणि खोली त्याची. माझी तक्रार राहणार नाही.

ठिकाण: माझी खोली
तारीख: आजचीच, कोर्ट सुटल्यानंतर
मृत्युपत्र करणारीची सही

साक्षीदार:

१. डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. (सही)

२. भाचा, वकील. संपूर्ण मजकूर वाचून व समजून साक्ष केली. (सही व शिक्का)