मोठा चर बंद राहावा म्हणून

गेल्या जूनमध्ये मी खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात असताना माझ्या पाणथळीतल्या पाइनच्या झाडांना तोडणीच्या खुणेच्या लाल फिती बांधल्या गेल्या. माझ्या भावाच्या मुलाने, टुओमोने, लाकूड घेणाऱ्या माणसाला बरोबर नेऊन त्या बांधल्या. मी अजून जिवंत आहे. पण मी गेल्यावर काय होईल याचा नमुना मला आधीच पाहायला मिळाला, म्हणून हे मृत्युपत्र लिहीत आहे.

मी, हिल्लेवी आन्निक्की कोर्पेला, वय एकोणऐंशी, राहणार पायुलाम्पी. माझे डोके ठिकाणावर आहे. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला घेतलेला नाही. गेल्याच आठवड्यात रस्ता-समितीच्या इतिवृत्तातल्या चुका मी अध्यक्षांना दाखवून दिल्या, तेवढा पुरावा पुरेसा समजावा. मला नवरा नाही, मूल नाही. कोणाच्या सांगण्यावरून मी हे लिहीत नाही, आणि यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. पाणथळीविषयी. ही पाणथळ माझ्या वडिलांनी चर खणून कोरडी केली. तेव्हा सरकारच त्यासाठी मदत देत असे, आणि दलदलीवर जंगल उभे करणारा माणूस शहाणा समजला जाई. वडिलांना दोष द्यायचा असेल त्याने माझ्या अंत्यविधीच्या कॉफीला येऊ नये. त्यांच्याच लाकडाच्या पैशावर मी हेलसिंकीला शिकले, आणि पुढे तिथल्या संशोधन संस्थेत नोकरीभर एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत लिहीत राहिले. पाण्याखाली युगानुयुगे साठलेले शेवाळ पाणी काढून घेतले की कुजू लागते, आणि त्यातला कार्बन हवेत जातो. वर झाडे उभी दिसतात म्हणून खालची माती काही सोडत नाही असे धरू नका. युरोपचे हवामान धोरण ठरवताना ही मातीही मोजा. एवढेच माझे म्हणणे होते.

माझी स्वतःची पाणथळ मात्र कोरडीच राहिली. मोठ्या चराच्या खालच्या अंगाला वेइक्को रौतिओचे गवताचे शेत आहे. चर बुजवला तर पाणी त्याच्याकडे पसरणार, आणि त्याच्या संमतीशिवाय ते करता येत नव्हते. वेइक्को वर्षानुवर्षे नाही म्हणाला. तोंडावर नाही म्हणाला, हे त्याच्या बाजूने नोंदवते.

फितींची बातमीही त्यानेच फोनवर दिली.

“हिल्लेवी, पाणथळ विकलीस?”

“नाही.”

“मग झाडांना लग्नासारखं नटवलंय कशाला?”

घरी आल्यावर मी टुओमोला बोलावून जाब विचारला. तो म्हणाला, आत्या, मी तुला रुग्णालयात विचारलं होतं. ते खरे आहे. या हिवाळ्यात पाणथळीतले लाकूड काढू या का, असे त्याने विचारले होते. मी उत्तर दिले नाही. आमच्या कोर्पेला घरात उत्तर न देणे म्हणजे नकार. वडिलांनी कुत्र्यालासुद्धा कधी शब्दाने नाही म्हटले नाही. पण टुओमो आईच्या माहेरी, सावो प्रांतात वाढला. तिकडे लोक झोपेतही बोलतात, आणि कोणी गप्प बसला की तो राजी आहे असे धरतात.

मी हे रागाने वेइक्कोला सांगत होते, तेव्हा तो माझ्या स्वयंपाकघरात बसून वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत होता. तो म्हणाला, “तुमच्या संस्थेतल्या त्या साहेबानं ब्रुसेल्सला असाच गप्प बसून नकार दिला होता ना? गेली वीस वर्षं तू मला तेच ऐकवत्येस.”

यावर मी काही बोलले नाही. तेव्हा तो म्हणाला, “हे आता हो समजू की नाही?”

त्याच बैठकीत त्याने चर बुजवायला संमती दिली. माझ्या संशोधनाचा त्याच्यावर काही परिणाम झालेला नाही, हे त्याने मला मुद्दाम लिहायला सांगितले आहे. त्याचे म्हणणे असे: सगळे पाइन एकदम तोडले तर वसंतात बर्फ वितळल्यावर पाणी धावत त्याच्या गवतात येणार, चर बुजवला तर तेही येणारच, पण सावकाश येईल, आणि सावकाश येणाऱ्या पाहुण्याची सोय करता येते. रस्त्याखालून पाणी जाणारा नळ मोठा करून द्यावा, एवढी त्याची अट आहे.

टुओमोशी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलले. त्याला लाकूड कशासाठी हवे होते ते मी प्रथमच विचारले. माझ्या घराच्या छपरासाठी. माडीवर पाणी गळते, ते मी बादली ठेवून लपवत होते आणि त्याने ते पाहिले होते. लाकडाचे आगाऊ पैसे घेऊन मी परत यायच्या आत काम सुरू करायचा त्याचा बेत होता. मला सांगितले मात्र नव्हते. शेवटी तोही माझ्याच भावाचा मुलगा.

२. सबब घर, सौनाचे वाफेचे न्हाणीघर, आणि टेकाडावरचे कोरडे जंगल टुओमोला द्यावे. छपरासाठी टेकाडावरचे स्प्रूस तोडावेत. ते वाढलेलेच आहेत. पाणथळही त्यालाच द्यावी, पण या अटीवर की मोठा चर बुजवायचा, तो पुन्हा उघडायचा नाही आणि तिथले झाड विकायचे नाही. पाणथळ कायमची राखीव करण्याचा अर्ज मी दिला आहे. निर्णय येण्याआधी मी गेले, तर तो तडीस नेणे त्याच्याकडे. त्याला हे नको असेल तर त्याने तसे शब्दांत सांगावे. मग पाणथळ तालुक्याच्या निसर्गमंडळाला जाईल आणि घर तरीही त्याचेच राहील. अट घालून प्रेम विकत घेतले असे मला ऐकून घ्यायचे नाही.

३. माझ्या बचतीतून आधी रस्त्याखालचा मोठा नळ बसवावा. उरेल ते टुओमोचे.

४. होडी वेइक्को रौतिओला. याच कारणाने कायद्याप्रमाणे तो या मृत्युपत्राचा साक्षीदार होऊ शकत नाही. त्याला सही करायची फार हौस होती. सही की होडी, असे मी विचारले. त्याने खिडकीतून होडीकडे पाहिले आणि पेन खाली ठेवले.

५. माझे माजी विभागप्रमुख डॉ. यर्मो सालोकान्नेल यांना आमच्या शेवटच्या गाईची घंटा द्यावी. ब्रुसेल्सच्या बैठकीत, कोरड्या केलेल्या पाणथळींना साधे जंगल धरणारा मसुदा वाचला गेला, तेव्हा त्यांनी विरोध म्हणून हाताची घडी घातली आणि टेबलाकडे पाहत बसले. इतिवृत्तात आले, फिनलंडची हरकत नाही. मी मागच्या रांगेत होते आणि मला बोलण्याचा अधिकार नव्हता. पुढच्या बैठकीला त्यांनी ही घंटा गळ्यात घालून जावे. बाकी माणूस वाईट नव्हता.

६. छापील अहवाल सौनाच्या भट्टीत घालावेत. गुळगुळीत पाने नीट जळत नाहीत, मी करून पाहिले आहे. आधी बर्चची साल लावावी. मातीचे नमुने काढायची लांब नळी संस्थेला परत करावी. बर्फात मासेमारीचे भोक पाडायला ती वेइक्कोला देऊ नये, त्याने कितीही मागितली तरी.

७. मला आईवडिलांशेजारी पुरावे. भाषणे नकोत. कॉफी कडक असावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला असून वाचून पाहिला आहे. खालील दोघे एकाच वेळी समोर असताना सही केली. त्यांना यातून काही मिळत नाही आणि ते माझ्या नात्यातले नाहीत.

पायुलाम्पी, ९ सप्टेंबर २०२३
हिल्लेवी कोर्पेला

साक्षीदार:
मेर्वी टोल्वानेन, फिरत्या ग्रंथालयाच्या गाडीची चालक
ओस्मो किन्नुनेन, चर्चचे ऑर्गनवादक

हस्तांतराची नोंद, त्याच दिवशी:
टुओमो कोर्पेला याला मी हयातीतच पुढील गोष्टी दिल्या. घराची दुसरी किल्ली. जंगलरस्त्याच्या अडसराची किल्ली. हद्दीचा नकाशा. अटी मी त्याला वाचून दाखवल्या. तो बराच वेळ गप्प राहिला, मी थांबले. मग तो म्हणाला, “हो आत्या. चर बंद राहील.” त्यानंतर त्याने वेइक्कोचा ट्रॅक्टर घेऊन मोठ्या चरात पहिला बांध घातला. संध्याकाळी आम्ही तिघे पाहून आलो. बांधाच्या वरच्या अंगाला थांबलेले पाणी, हातभर खोल, गढूळ, जसे होते तसे त्याच्या ताब्यात दिले.

मिळाले. टुओमो कोर्पेला