कुंपणातली माझी जागा

११ मार्च, मंगळवार. सकाळ.

सेवेच्या यादीत माझं नाव सातवं. पहिलं ल्यूबाचं. प्रार्थनाघराच्या भिंतींना दर वर्षी चुना कोण लावतं? मी. बाकांच्या गाद्या कोणी शिवल्या? मी. आणि पहिली ल्यूबा, कारण ती गाते. शेजारीण आहे म्हणून जास्त लिहीत नाही.

असो. प्रभू, तुझी शांती माझ्यावर असो. आता लागेलच.

पाळक मेलिसनं सगळ्यांना एकेक चौकटीची वही वाटली. ईस्टरपर्यंत चाळीस दिवस रोज लिहायचं: प्रार्थना काय केली, सेवा काय केली, त्याग काय केला. वाचणार कोणी नाही, फक्त देव. मेलिसच्या बापानं मार्क्स, एंगल्स, लेनिन वगैरेंची अक्षरं जुळवून पोराचं नाव ठेवलं आणि पोरगा झाला पाळक. माझी शाळा चार इयत्ता, पुढं बीट उपटायला गेले. तरी लिहीन. देवाला माझं अक्षर माहीत आहे.

ठराव. एक, चहात साखर बंद. दोन, संध्याकाळची तुर्की सिरियल बंद. तीन, ल्यूबाबद्दल वाईट बोलायचं नाही. वर लिहिलंय ते ठरावाच्या आधीचं, धरू नये.

१२ मार्च.

साखर बंद. बेदाण्याचा मुरंबा घेतला, चार चमचे. मुरंबा म्हणजे फळ.

१४ मार्च, शुक्रवार.

सेवा. बुरुलकडे सूप नेलं. बुरुल शाळेत स्वयंपाकीण होती. किर्गिझ. बारा वर्षांपूर्वी आमच्यात आली, कालव्यात बाप्तिस्मा घेतला, ऑक्टोबरात. आता यकृत गेलंय. डॉक्टर म्हणतो, उन्हाळा दिसणार नाही. पिवळी पडलीय, जीभ मात्र जागेवर आहे. सूप चाखून म्हणाली, एर्ना, हे प्यायले की मरायची भीती कमी होते. मला बरं वाटलं. दुखण्यात माणसाला माझा आधार होतो.

निघताना अंगणात तिचा कुत्रा सूप पीत होता. वाडगा माझाच. पोटभर झाल्यावर उरलेलं दिलं असणार.

१६ मार्च, रविवार.

आज मोठ्यानं प्रार्थना केली. चांगली झाली, अकरा मिनिटं. म्हटलं, प्रभू, माग, जे हवं ते माग, हाक मार, उत्तर मी देईन. दोघीतिघी रडल्या. ल्यूबाला खोकला आला.

मग मेलिस उठला. म्हणाला, भगिनी बुरुलसाठी जागेची प्रार्थना करा. मी मोठ्यानं आमेन म्हटलं. मला वाटलं स्वर्गातली. तो म्हणत होता जमिनीतली.

गावच्या मुसलमानी कब्रस्तानात, टेकडीवर, तिला घेणार नाहीत. तिनं धर्म सोडला म्हणतात. आमचं जर्मनांचं जुनं कब्रस्तान कालव्याकाठी, ते भरलं. नवीन कुंपण घालायला मनाई आहे. ज्याच्या घरच्या कबरींभोवतीच्या लोखंडी कुंपणात मोकळी जागा असेल त्यानंच दिली तर.

दारात मेलिसनं मला गाठलं. आजी, म्हणाला, तुमच्या कुंपणात हाइनरिख आजोबांशेजारी जागा आहे ना?

आहे. माझी आहे. चोवीस वर्षांपासून. दगडावर नावही कोरलंय: एर्ना, १९४१, पुढं रेघ. कोरणारा जर्मनीला निघाला होता, नवऱ्याचं नि माझं एकदम स्वस्तात करून गेला.

मी म्हटलं, बाळा, यावर प्रार्थना करते.

१७ मार्च.

प्रार्थना केली. देव काही बोलला नाही. तुर्की सिरियल पाहिली, मन लागत नव्हतं म्हणून.

२१ मार्च, शुक्रवार.

मेलिसला सांगितलं, माझा मेंढीच्या कातड्याचा कोट बुरुलला द्या. तो म्हणाला, आजी, तिला कोट नकोय. शेळी देऊ केली, मार्ता, दीड लिटर देते. तो माझ्याकडे बघतच राहिला. पाळकानं असं बघू नये.

परतताना शेळी नाही घेतली ते बरं झालं असं वाटलं. लगेच पश्चात्ताप केला.

२५ मार्च.

ल्यूबानं सांगितलं म्हणे, माझ्या कुंपणातली जागा देईन, पण ती मुलांसाठी ठेवलीय, नोवोसिबिर्स्कला पत्र टाकलंय, उत्तर आलं की सांगते. वा. त्याग करायचा तर पत्रं कसली टाकायची? अब्राहामानं कोणाला पत्र टाकलं होतं?

हे वाईट बोलणं नाही. हा बायबलचा अभ्यास आहे.

२८ मार्च, सकाळ सहा.

गिदोनासारखं करायचं ठरवलं. त्यानं रात्री अंगणात लोकर ठेवली आणि म्हटलं, सकाळी लोकर ओली आणि जमीन कोरडी असेल तर देवाची इच्छा आहे. मी लोकरीची शाल ठेवली.

शाल ओली. जमीन कोरडी.

शेजारच्यांचं मांजर असणार. वास घेऊन पाहिला, नीट कळला नाही. सर्दी आहे.

२९ मार्च, सकाळ.

गिदोनानं उलटंही तपासलं होतं. दुसऱ्या रात्री म्हणाला, आता लोकर कोरडी राहू दे आणि जमीन भिजू दे. मीही तेच मागितलं. जमीन चिंब. शाल कोरडी ठणठणीत.

शाल पागोळीच्या आत ठेवली होती बहुतेक. गिदोनाच्या अंगणाला पागोळी होती की नाही, बायबलात नाही. मेलिसला विचारणार होते, मग नको वाटलं.

४ एप्रिल, शुक्रवार.

बुरुलकडे सूप. तिचा दीर कादिर बाहेर ओट्यावर बसला होता, पिशवीत मेंढीचं काळीज घेऊन. यकृताला काळीज. कोणी शिकवलं कोणास ठाऊक. आत आला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, वहिनी, कलम्याचं एक वाक्य म्हण. मुल्लासमोर एकदा म्हण, पटो न पटो. दादाच्या शेजारी तुझी जागा मी राखलीय. तो तिथं एकटा आहे.

बुरुल म्हणाली, कादिर, तुझ्या दादाशी तीस वर्षं खोटं बोलले नाही. आता त्याच्या शेजारी पडायला खोटं बोलू?

तो काळीज ठेवून गेला. ती भिंतीकडे तोंड करून पडली. खांदे हलत होते. मी म्हटलं, सूप पितेस का? म्हणाली, आज एवढं दुःख पुरे.

मला समजतं. पण तिला माझं कुठं समजतं? नवऱ्यापासून वेगळं पडायचं म्हणजे काय असतं, हे ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं.

९ एप्रिल.

बीपी वाढलं. मेलिसला फोनवर सांगितलं, आजारी आहे, येऊ नकोस. तो म्हणाला, बुरुल मावशी दोन दिवस जेवली नाही. मी म्हटलं, मीसुद्धा जेवायला बसतेच आहे, ठेव.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार.

काय झालं ते लिहिते.

साक्षी चालल्या होत्या. मी साखरेची साक्ष द्यायला उठणार होते. तेवढ्यात ल्यूबा उठली. बोलली, भावांनो, बहिणींनो, थोरला हो म्हणालाय, पण द्यायची ती कडेची जागा धाकट्याची आहे, त्याचं उत्तर यायचंय, माझ्यासाठी प्रार्थना करा, मला द्यायचीय. आणि सगळं प्रार्थनाघर तिच्याकडे बघायला लागलं, जसं लग्नात नवरीकडे बघतात. अजून काही दिलेलंसुद्धा नाही बाईनं.

मी उभी राहिले. आणि तोंडातून आलं, कोणाच्या उत्तराची वाट बघू नका, माझी जागा घ्या.

मेलिस रडला. बायकांनी मुके घेतले. ल्यूबानं तर दोन्ही गालांचे. घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागत नव्हते. इतकी जवळ मी प्रभूच्या कधीच नव्हते.

१४ एप्रिल, सोमवार.

हे मी काय केलं.

दुपारी कब्रस्तानात गेले. कुंपणात बारीक खडी पसरलेली, मी दर वसंतात चाळून धुते. दगड रुंद, दोन नावं. हाइनरिखला सांगितलं, तुझ्या शेजारी आता शाळेची स्वयंपाकीण येणार. तो काही बोलला नाही. जिवंत होता तेव्हाही बोलायचा नाही, पण तेव्हा तरी शेजारी मी होते.

१५ एप्रिल, मंगळवार.

बुरुलकडे गेले. मनात होतं, तीच नको म्हणेल. भिडस्त असतात माणसं.

आवाज अगदी खाली गेलाय. वाकावं लागलं. म्हणाली, एर्ना, तुझ्या म्हाताऱ्याशेजारी मला झोपवणार? उपदेश चालू असताना तो घोरायचा. मी म्हटलं, नको असेल तर सांग, मी वाईट वाटून घेणार नाही. तिनं माझा हात धरला. हात म्हणजे नुसती काटकी. म्हणाली, माझा माणूस टेकडीवर, मी कालव्याकाठी. मधे सगळं गाव. पण कुठंतरी ठेवतायत, एवढं ऐकून झोप लागली काल. तुझ्यामुळं लागली.

नको म्हणाली असती तर काय बिघडलं असतं तिचं?

१६ एप्रिल, बुधवार.

मेलिसला चिठ्ठी लिहिली. चार वेळा. शेवटची अशी: बंधू मेलिस, रविवारी मी बोलले ते भावनेच्या भरात. दगडावर नाव कोरलेलं आहे, ते खोडता येत नाही. दगडावरचं खोडणं म्हणजे खोटं. ल्यूबाच्या मुलाची वाट बघावी. तुमची भगिनी एर्ना.

उद्या देते.

१७ एप्रिल, गुरुवार.

बुरुल गेली. सकाळी सातला. तिची मुलगी ऐसालकिन सांगायला आली, पायात दोन वेगळ्या चपला. तिला साखर घालून चहा दिला. मीही घेतला. तीन चमचे.

चिठ्ठी एप्रनच्या खिशात आहे. आज कशी देणार? आणि उद्या खणायला जाणार. आज दिली नाही तर द्यायची कधी?

दुपारी मेलिसच्या घरापर्यंत गेले. फाटकाला हात लावला. आत शवपेटीच्या फळ्या ठोकत होते. परत आले.

१८ एप्रिल, शुभ शुक्रवार.

नऊ वाजता मेलिस आला. टोपी हातात, बुटांना चिखल. मी ठरवलं होतं, तोंड उघडायच्या आत चिठ्ठी पुढं करायची. अर्धी बाहेर काढलीही.

तो म्हणाला, आजी, बसा आधी.

खणायला चौघे गेले होते. चौथा कादिर, स्वतःचं फावडं घेऊन. तो म्हणाला, आत येऊन तुमची प्रार्थना म्हणणार नाही, पण वहिनीसाठी माती मी काढीन. हातभर खाली गेले आणि फावड्याला पेटीची कड लागली. दुसऱ्या बाजूनं पाहिलं, तिथंही तीच पेटी. हाइनरिख कुंपणाच्या मधोमध आहे. इकडे दीड हात, तिकडे दीड हात. पलीकडे श्मिटांचं कुंपण, अलीकडे वेबरांचं. त्यांनी माती परत लोटली, खडी पसरून ठेवली, माफी मागितली.

हाइनरिखला पुरलं त्या जानेवारीत जमीन लोखंडासारखी होती. खणणाऱ्यांना मीच व्होडका दिली. काम झाल्यावर द्यायची असते. मी आधी दिली. प्रार्थनाघरात आजवर कोणाला सांगितलं नाही, आता इथं लिहिते.

पहिल्यांदा माझ्या तोंडातून निघालं, प्रभूची स्तुती असो. मेलिसनं मान खाली घातली. म्हणाला, अशा वेळीही तुम्ही स्तुती करता, आजी.

चिठ्ठी चुलीत टाकली. निखारा नव्हता, लायटरनं पेटवावी लागली.

मग कळलं. बादली उपडी होती, तिच्यावर बसले. तिची जागा नव्हती म्हणजे माझीही नव्हती. चोवीस वर्षं मी दीड हात खडी धूत होते.

ल्यूबाच्या धाकट्याचा फोन सकाळी आठलाच आला होता. आई, माझी दे, म्हणाला, मी काय परत येत नाही. दुपारी तीनला बुरुलला ल्यूबाच्या कुंपणात ठेवलं. कादिर कालव्याच्या पुलावर उभा होता, टोपी घालून, शेवटपर्यंत.

२० एप्रिल, ईस्टर. दुपार.

ख्रिस्त उठला आहे.

मेलिसनं उपदेशात माझं नाव घेतलं. म्हणाला, एर्ना आजीनं नवऱ्याशेजारची स्वतःची जागा दिली. जागा निघाली नाही, पण देणं देवानं मोजलं. सगळे माझ्याकडे वळून बघत होते. ज्याची पंचवीस वर्षं वाट पाहिली ते अखेर झालं आणि मी बाकावरच्या गादीची शिवण मोजत होते. एकोणचाळीस टाके. एक सुटलाय.

उठून सांगायचं होतं, चिठ्ठी होती म्हणून. गुडघा आखडला.

दारात ल्यूबानं दंड धरला. हळूच म्हणाली, एर्ना, तुला आता जागा नाही, रात्रभर तेच डोक्यात. माझ्या वासिलीनं कुंपण घातलं ते गायींच्या गोठ्याएवढं. थोरल्याची जागा आहे अजून, बुरुल आणि माझ्या मधे. त्याला परत पत्र टाकलं नाही, तो हो म्हणेल. दुपारी येते, तुझं काय ते सांग.

पुनरुत्थानापर्यंत एका बाजूला बुरुल, दुसऱ्या बाजूला ल्यूबा. एक माझ्या सूपाबद्दल बोलणार, दुसरी वरच्या सुरात गाणार. हाइनरिख तीन ओळी पलीकडे, घोरत. आणि हो म्हटलं तर जन्मभर, नंतरही, ल्यूबाची उपकृत. नाही म्हटलं तर कुठं?

द्यायला चाळीस दिवसही लागले नाहीत, हे घेणं त्याहून जड आहे.

फाटक वाजलं. खिडकीतून दिसतंय. ल्यूबाच. हातात ईस्टरचा गोड पाव, वर साखर जाडजूड, आणि डोक्याला नवा रुमाल. हाक मारतेय, एर्ना, आहेस का?

प्रभू, मी म्हटलं होतं, हाक मार, उत्तर मी देईन. ते तुझ्या हाकेबद्दल होतं. ही ल्यूबा आहे. तिला उत्तर तू दे.