फिरत्या घराचा तडा आणि दिपेशचा हिस्सा

मी, पोशी सोम्या घाटाळ, वय ६३, राहणार सूर्यमाळ, तालुका मोखाडा, धंदा फायबर दुरुस्ती, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दमदाटीशिवाय हे मृत्युपत्र वकिलांकडून लिहून घेत आहे. छातीचा आजार आता मागे हटणार नाही. डॉक्टरांनी शुद्धीचा दाखला दिला आहे. माझा मुलगा दिपेश ‘म्हातारी चळली’ सांगत फिरेल, म्हणून त्या दाखल्याच्या दोन प्रती काढल्या आहेत.

१. धंदा माझा आहे. माझे यजमान वसईला होड्यांच्या कारखान्यात पहारा करत. आत काचेच्या धाग्यांच्या मॅटवर रेझिन लावत होते ती मी, अकरा वर्षे. ते वारल्यावर मी जव्हारला पत्र्याची शेड टाकली. दिपेशने फक्त पाटीवर स्वतःचे नाव रंगवले.

२. गेल्या ऑगस्टमध्ये तुळशीदास नावाचे गृहस्थ पर्यटकांना भाड्याने द्यायची मोटरहोम घेऊन आले. आत पलंग, ओटा, संडास. बाहेरचे अंग फायबरचे. ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपण्याचा जो फुगवटा असतो, त्याला हातभर तडा. ठोकून पाहिले तर आवाज बद्द आला, म्हणजे आतून थर सुटले होते. मी म्हटले, “तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडावं लागेल, नाहीतर तो पुढे चालत जातो. मग घासून आतबाहेर मॅटचे थर. हवा ओली आहे, चार दिवस लागतील.”

तुळशीदास माझ्याकडे न बघता दिपेशला म्हणाले, “मावशीला राहू दे. तू सांग, पंधरा ऑगस्टला गाडी पायजे.” हा इस्त्रीच्या शर्टातला माणूस फायबरला पत्रा म्हणत होता.

मी वांगणीला बहिणीच्या दहाव्याला गेले. मागे दिपेशने तड्यात पुट्टी भरली, वर रंग मारला. सून रंजना म्हणाली, “आईंनी असा नाय सांगलाय.” तो म्हणाला, “कोण बघतंय?”

३. गाडी पर्यटकांना घेऊन गेली. घाटात फुगवटा फाटला, वरचा पलंग खाली आला आणि त्यावर झोपलेल्या बाईचा खांदा मोडला. पोलिसांसमोर माझा मुलगा म्हणाला, “काम आईनं केलंय. तिला आता नीट दिसत नाही.” मी बाकावर बसून ऐकले. याची मला अजून लाज वाटते. रंजना लेकीला कडेवर घेऊन आली. “काम यांनी केलंय. मी होती तिथं.” त्या दिवसापासून दिपेश बायकोशी बोलत नाही. त्याला ती शिक्षा वाटते. मला ती रंजनाची सुट्टी वाटते.

नंतर गाडी मी आणि रंजनाने नीट केली. ती मॅट कापून देई, मी थर चढवी. दम लागला की हात बदलत असू. शेवटचे दोन थर तिनेच लावले, हवेचा एकही फुगा राहिला नाही. तुळशीदासांनी आभार मानले दिपेशचे.

४. म्हणून शेड, ग्राइंडर, साचे आणि सूर्यमाळचे घर रंजनाला. बँकेतली ठेव नात रोशनीच्या शिक्षणाला. दिपेशला हयातभर पडवीत झोपता येईल. घरात यायचे असेल तर रंजनाला विचारून. तुळशीदास माझ्या दिवसकार्याला आलेच, तर चहा द्यावा, बसा म्हणू नये.

५. मेल्यावर हे वाचले गेले तर दिपेशला रडून सुटता येईल. म्हणून त्याला आजच आत बोलावून इथवरचे सगळे मोठ्याने वाचायला लावले. तिसऱ्या कलमावर तो थांबला. वकील म्हणाले, “पुढे वाचा.” तो म्हणाला, “आई, तिथं मी खोटं बोललो.” मी हे वाक्य जसेच्या तसे लिहायला सांगितले. मग विचारले, वाटणी बदलायची का? तोच म्हणाला, “नको.”

बदललेली नाही.

लिहून ठेवणार : पोशी सोम्या घाटाळ (स्वतःची सही, अंगठा नव्हे)
आमच्यासमोर सही केली :
१. सुषमा बुध्या भुयाळ, शिवणकाम, जव्हार
२. उमेश लहान्या वायडा, एसटी कंडक्टर, मोखाडा
ठिकाण : जव्हार
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५