सासूबाईंच्या कार्डावर आणलेल्या बिया

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला उतरला असेल असं धरून चालते. इकडे देवाच्या कृपेने सगळे बरे आहेत. मी तेवढी बरी नाही, पण ते माझ्या अकलेमुळे, त्यात देवाचा दोष नाही.

बाग कशी आहे म्हणून तू विचारलं होतंस. (विचारताना हसत होतीस, ते फोनवरही कळतं.) तर सगळंच लिहिते. आमच्या सार्वजनिक लायब्ररीत दाराशी छोट्या छोट्या खणांचं एक कपाट आहे. पूर्वी त्यात पुस्तकांच्या नावांची कार्डं असत, आता बियांची पाकिटं असतात. ज्याला हवी त्याने न्यावीत, पैसे नाहीत. अट एकच, की एखादं झाड बियांसाठी राखायचं आणि हंगाम संपला की चिमूटभर बिया परत आणून द्यायच्या. मी गेले होते सासूबाईंची पुस्तकं बदलायला. (या वयात त्या पोथ्या वाचत असतील असा सगळ्यांचा समज आहे. त्या खुनाच्या कादंबऱ्या वाचतात, आठवड्याला चार. पोथी मी वाचते, आणि तिसऱ्या पानावर मला डुलकी लागते.) फुकट म्हटलं की माझे पाय जमिनीला चिकटतात हे तुला नव्याने सांगायला नको. टोमॅटो, पालक आणि घेवडा अशी तीन पाकिटं उचलली. माझं स्वतःचं कार्ड नाही, एका घरात दोन कार्डं कशाला, म्हणून ग्रंथपालबाईंनी ती सासूबाईंच्या कार्डावर लिहून घेतली.

गॅलरीत कान तुटलेली बादली होती, गळका टब होता, कुंड्या विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. टोमॅटो उगवले ते इतके, की मी देवापुढे हात जोडले. पाकिटावर लिहिलं होतं, रोपं बोटभर झाली की विरळ करा, अशक्त असतील ती उपटा. ज्याला देवाने उगवू दिलं त्याला उपटणारी मी कोण? शेवटी एका बादलीत एकतीस रोपं एकमेकांना धरून उभी राहिली, रेशनच्या रांगेसारखी, आणि टोमॅटो एकालाही आला नाही. पालकाचं तर विचारूच नकोस. मॅट्रिकला बी रुजण्याच्या आकृतीत बाण काढून 'सूर्यप्रकाश' लिहिणारी मी, पण पालक ठेवला न्हाणीघरात, कारण तिथे अंघोळीचं पाणी आयतं उडतं. तो पांढरा आला. हे म्हणाले, "याला काहीतरी बघून धक्का बसलाय." त्या वेळी घरात फक्त हेच अंघोळीला गेले होते.

घेवड्याने मात्र लाज राखली. गजाला धरून वर चढला, दोनदा भाजी झाली. सगळ्यात खालचा वेल मी बियांसाठी राखला, त्याला लाल दोरा बांधला आणि घरात सगळ्यांना बजावलं की याला कोणी हात लावायचा नाही. कोणी लावलाही नाही. त्या शेंगा पिवळ्या पडायला लागल्या. वाळायलाच हव्यात, तेव्हाच बी तयार होतं, हे मला समजत होतं गं. पण समोर चौदा शेंगा वाळत चालल्यात आणि आपण नुसतं बघत बसायचं? रोज सकाळी मी त्या एकेक करून मोजायची. एके दिवशी भाजी जरा कमी पडेलसं वाटलं. म्हटलं, एकच तोडू. तुला सांगते, हात माझाच होता, दोरा माझाच होता, आणि चौदाही शेंगा कढईत गेल्यावर मला आठवलं की घरात बटाटे होते. सासूबाई जेवताना म्हणाल्या की शेंगा जून आहेत. दुसऱ्यांदा मात्र वाढून घेतल्या.

पुढच्या आठवड्यात पुस्तकं बदलायला गेले तर ग्रंथपालबाई म्हणाल्या, हंगाम संपला, बिया परत आल्या नाहीत म्हणून कार्ड बंद केलंय, त्या आल्या की सुरू होईल. आणि सासूबाई चार महिने ज्याची वाट बघत होत्या ते पुस्तक ग्रंथपालबाईंच्या पाठीमागच्या फळीवर, सासूबाईंच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलेलं! मी रिकाम्या पिशवीने घरी आले आणि सांगितलं की लायब्ररी रंगकामासाठी बंद आहे. (या खोट्याबद्दल रोज एक जपमाळ जास्त ओढते. बोटं दुखतात.) आता अकरा दिवस झाले. वाचायला काही नाही म्हणून सासूबाई स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसतात आणि माझा तपास करतात. दुधात पाणी किती पडतं, बिस्किटांचा दुसरा डबा कुठे आहे, मी पोथीपुढे डोळे मिटते ते कशासाठी, सगळं उघडकीला आलंय. रंगकामापर्यंत त्या कधी पोचतील या भीतीने माझ्या हातून दोनदा दूध उतू गेलं.

काल धीर करून वाण्याकडून मूठभर सुका घेवडा आणला आणि लायब्ररीच्या टेबलावर ठेवला. बाईंनी एक दाणा चिमटीत धरून उजेडात पाहिला.

"याला पॉलिश आहे."

मी म्हटलं, "आमच्याकडे स्वच्छता फार."

त्या हसल्या नाहीत. दाणे पुडीत बांधून माझ्या हातात परत दिले. घरी आणून ते मी भिजत घातले, काय करणार.

बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझ्या परसात घेवड्याचा वेल आहे ना? त्याच्या चांगल्या वाळलेल्या वीस-पंचवीस बिया पाकिटात घालून लगेच पाठव. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच.

ता. क. दुसरा. ताईंना सासूबाईंचा नमस्कार. घरात वाचायला दुसरं काही नसल्यामुळे हे पत्र वाचलं. उघडंच होतं. लायब्ररी बंद नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. फिरायला मी त्याच रस्त्याने जाते. लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली, पण ही माझ्याशी सलग इतकं कधी बोललीच नव्हती. आता रोज दुपारी स्टुलाशेजारी बसून एकेक गोष्ट आपणहून कबूल करते, आणि नंतर आम्ही दोघी चहा घेतो. कालपासून हिच्या लहानपणाचा विषय निघालाय आणि त्यात तुमचं नाव बरेचदा येतंय. तेव्हा बिया अवश्य पाठवा, पण सावकाश पाठवा.