थांबा नसलेल्या जागी गाडी थांबवल्याची तक्रार मागे घेणेबाबत

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक साहेब,
एस.टी. आगार, जि. परभणी

अर्जदार : नागनाथ रायभान गिराम, धंदा शेती, रा. पोखर्णी शिवार

विषय : कंडक्टर मंजुषाताई यांच्याविरुद्धची चौकशी बंद करून त्यांना पोखर्णी–परभणी सकाळच्या गाडीवर परत पाठवणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने गेल्या महिन्यात स्वतःच्या हाताने दिलेला तक्रार अर्ज.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, मंजुषाताईंनी थांबा नसलेल्या जागी गाडी उभी केली, प्रवासी खोळंबले, कारण विचारले तर त्यांनी सांगितले नाही, अशी तक्रार अर्जदाराने केली होती. त्यात एक अक्षर खोटे नाही. तरीही ती तक्रार करायला नको होती, आणि का नको होती ते सांगताना अर्जदाराची मान वर होत नाही.

२. अर्जदाराची मुलगी सोनू परभणीला दहावीत शिकते. दिवाळीपासून तिने बोलणे टाकले. ताटावर बसायची आणि तशीच उठायची. तिची आई सविता म्हणाली, "पोरीचं कायतरी बिनसलंय, जरा जवळ बसून इचारा की." अर्जदार म्हणाला, "नखरे हायेत, मोबाईल काढून घे, सरळ हुतीय." साहेब, गोठ्यातल्या बैलाने वैरण सोडली तर अर्जदार त्याच दिवशी जनावरांचा डॉक्टर आणतो. पोरीने भाकरी सोडली तेव्हा त्याला नखरे दिसले.

३. गाडीत मात्र सोनू मंजुषाताईंच्या मागच्याच सीटवर बसायची. ताई तिला बाकी पोरींचे पास बघायला लावायच्या, घंटीची दोरी ओढू द्यायच्या. उपदेश नाही, काही नाही. कधी रडली तर रडू द्यायच्या. अर्जदाराच्या कानावर हे आले तेव्हा त्याला राग आला. घरात मुकी असलेली पोर परक्या बाईपाशी बोलते म्हणजे काय, असे त्याला वाटले.

४. घटनेच्या दिवशी अर्जदार त्याच गाडीने मोंढ्यातल्या बाजाराला निघाला होता. सोनू "गाडी धरते" म्हणून आधीच घरातून गेली होती, पण थांब्यावर नव्हती. पुढे रस्त्याच्या कडेला नुसते दप्तर पडलेले ताईंना दिसले. त्यांनी घंटी मारली आणि कापसाच्या पऱ्हाटीतून पळत सुटल्या. अर्जदार मोबाईलवर कापसाचा भाव बघत होता. ड्रायव्हर दिनकरराव म्हणाले, "बसा जरा, ताई यायलीय." ताई आल्या त्या सोनूच्या खांद्यावर हात टाकून. अर्जदाराने विचार केला की लाडाची पोर उशिरा उठली आणि बाईंनी तिच्यासाठी गाडी अडवली. मग भरल्या गाडीत त्याने पोरीचा पाणउतारा केला. ताई मधे पडल्या. "काका, तिला काय बोलू नका. राग माझ्यावर काढा."

५. अर्जदाराने तो त्यांच्यावर काढला. दुसऱ्याच दिवशी तक्रार दिली.

६. तक्रारीवरून आपण नियमाप्रमाणे चौकशी लावली व ताईंना गाडीवरून उतरवले, यात आपला दोष नाही. चौकशीत त्या "चूक झाली" एवढेच म्हणाल्या. त्यानंतर सोनूने शाळा सोडली, खोलीची कडी लावली. अर्जदार दाराशी ओरडला, तेव्हा आतून आवाज आला, "बाबा, त्या दिवशी गाडी कशापायी थांबली, तुमाला म्हाईत हाय का? मी इहिरीच्या काठावर हुते. ताईनं हात धरून माघारी आणलं. कुणाला सांगायचं न्हाई, अशी मी तिला शपथ घातली हुती."

साहेब, त्या काठावरून परत आलेल्या लेकराला बापाने गाडीत शिव्या घातल्या.

७. सोनूला आता सरकारी दवाखान्यात दाखवले आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या की गोळ्या आणि भेटी चालू राहतील, पण ज्या माणसापाशी ती मन मोकळे करते तो माणूस तोडू नका. तो तर अर्जदाराने कागदोपत्री तोडून ठेवला आहे.

८. तक्रार अशी मागे घेता येत नाही, प्रवाशांचा खोळंबा झालाच होता, असे आपल्या कार्यालयात सांगण्यात आले. म्हणून अर्जदाराने त्या दिवशीच्या प्रवाशांची घरे हुडकली आणि 'आमची हरकत नाही' अशा सह्या घेतल्या. त्या सोबत जोडल्या आहेत. कारण सांगता येईना, त्यामुळे नागनाथचे डोके फिरले अशी गावात बोलवा झाली. त्याच गाडीत बसलेल्या बायनाबाईंनी अंगठा दिला, पण ऐकवूनही घेतले : "गाडीचं काय न्हाई रं, तुझं वरडनंच लय लांबलं हुतं." एवढ्यानेही भागत नसेल तर खोळंब्याचा गुन्हेगार म्हणून अर्जदाराचे नाव लावावे. सगळ्या प्रवाशांसमोर कान धरून उभे राहण्यास तो तयार आहे. अशी शिक्षा आपल्या नियमात नसल्यास त्याचा नाइलाज आहे.

९. हे सर्व लिहावे का, असे अर्जदाराने सोनूला दाराबाहेरून विचारले. ती आतून म्हणाली, "लिवा. माझ्यापायी ताईची नोकरी जायलीय." तरी हा कागद आपण स्वतः वाचावा, टेबलाटेबलावर उघडा फिरू देऊ नये, ही हात जोडून विनंती.

१०. चौकशीच्या पुढच्या तारखेला स्वतः येऊन सगळे सांगण्याचा सोनूने हट्ट धरला आहे. ती आली तर तिला बसायला खुर्ची द्यावी, घाई करू नये, आणि अर्जदारास बाहेर व्हरांड्यात थांबवावे. बाप समोर असला की ती बोलत नाही.

चूक पदरात घेऊन,
आपला नम्र,
(सही)
नागनाथ रायभान गिराम
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५