समुद्राला घडी घातली

मलकापूर,
आखाजीच्या आधीचा रविवार

श्रीयुत जानराव यांस,

तुमचे मेहुणे तुळशीराम (चित्रकलेचे निवृत्त मास्तर, हात अजून निवृत्त झालेला नाही) यांचा मलकापुराहून रामराम. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. कंबर कशी आहे? म्हैस व्याली का? सुलतानपुरात लाइट राहते का? इकडे माझा गुडघा ठीक, साखर ठीक, आणि उन्हाबद्दल न लिहिलेलंच बरं. फोनच करणार होतो. पण माझा नंबर दिसला की तुम्ही उचलत नाही, आणि बहिणीचा दिसला की फोन बंदच करून ठेवता, असं कानावर आलं. पाकीट काही कट करता येत नाही, म्हणून हे पत्र.

तर आखाजी (पंचांगातली अक्षय्य तृतीया) तोंडावर आली. गल्लीतल्या साऱ्या सुनांना माहेरी न्यायला त्यांचे त्यांचे मुराळी येऊ लागले आहेत, आणि तुमची बहीण ओट्यावर बसून दुसऱ्यांचे भाऊ बघते आहे. (विचारलं तर म्हणते, हवा खाऊन राह्यली. भर दुपारी, मलकापुरात, हवा!) लग्न झाल्यापासून तिची एकही आखाजी माहेराशिवाय गेलेली नाही. यंदाची तशीच जाते की काय, या धास्तीनं तिचं जेवण कमी झालंय, आणि ते मला बघवत नाही.

भांडण दिवेआगरच्या वाळूत झालं हे तुम्हाला माहीत आहे. पण ते दिसायला किती नामी होतं हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, कारण तुम्ही पाठ करून उभे होता. आपण सारे कोरडवाहू मुलखातले. पाणी लांब दिसलं म्हणजे ते लांबच राहणार, अशी आपली समजूत. त्यात तुम्ही चपलेनं वाळू उकरली, पेरणीआधी वावर बघावं तशी मूठभर हातात घेऊन दाबली, आणि इथपर्यंत पाणी चढत नाही असा निकाल दिला. चटई अंथरली. दशम्या, ठेचा, सासूबाईंचा पितळी डबा, सगळं मांडून झालं. आणि समुद्र (त्याला तुमचा निकाल कोणी कळवला नसावा) सरळ पंगतीला आला. दशम्या गेल्या, तुमची एक चप्पल गेली, आणि तुमच्या आईचा डबा आफ्रिकेच्या वाटेला लागला. तेव्हा तुमची बहीण अन्नपूर्णा म्हणाली, "तुले पान्याचं काय कळते? तुह्या विहिरीत तरी हाय का?" आणि तेही यंदा, विहीर आटून तुमची मोसंबी वाळली त्याच साली. तुम्ही तोंड फिरवलंत ते अजून फिरवलेलंच आहे. मी तुमच्या जागी असतो तर मीही फिरवलं असतं.

नेमका तोच क्षण आमच्या समीक्षानं टिपला. या लेकीच्या कॅमेऱ्यातून फोटो तिथल्या तिथं बाहेर पडतो. एका कडेला अन्नपूर्णा, दुसऱ्या कडेला तुम्ही, पाठीकडे पाठी, आणि मध्ये हा एवढा मोठा समुद्र. पुण्याला परत जाताना पोरगी समुद्राच्या फोटोंची थप्पी इथंच ठेवून गेली आणि एक नाद माझ्या गळ्यात बांधून गेली. फोटोची पांढरी चौकट कापायची, फोटो कोमट पाण्यात सोडायचा, म्हणजे चित्र दुधावरच्या सायीसारखं सुटून तरंगतं. ती साय ब्रशनं जाड कागदावर उतरवायची आणि ओली आहे तोवर हवी तशी ओढायची, सरकवायची. ऐकायला सोपं आहे हो. पहिल्या फोटोतली होडी मधोमध फाटली. दुसऱ्यात सूर्य समुद्राच्या तळाला गेला. तिसरा फोटो माझ्या मनगटाला चिकटला आणि मी तसाच बाजार करून आलो. भाजीवाला म्हणे, मास्तर, भाजलं का? समीक्षाला कळवलं तर ती म्हणते, बाबा, सुरकुत्या पडतात तीच तर गंमत आहे. (सारी नोकरी मी पोरांना चुरगळलेले कागद बदलायला लावण्यात घालवली.)

हा सारा उद्योग अन्नपूर्णेच्या परातीत चालतो, म्हणून तिची नजर असतेच. परवा मी तुमचा फोटो पाण्यात सोडला. साय सुटली. ती पदराला हात पुसत जवळ आली, परातीवर वाकली आणि म्हणाली, "त्याले जरा इकडं सरकवा ना. एकटाच काऊन उभा हाय?"

जानराव, मी ब्रश उचलला. आणि मधल्या समुद्राला घडी घातली. घडी पडली तिथं पाणी दुहेरी होऊन गडद झालं, तुमचा एक पाय त्यात गेला (चप्पल गेलेलाच पाय, म्हणजे नुकसान नाही), पण तुमची पाठ तिच्या पाठीला टेकली. वाळल्यावर तिनं तो कागद देव्हाऱ्यात ठेवला. तुम्ही हयात आहात हे मी तिला समजावून सांगितलं, तरी कुंकू लावतेच. मला काही म्हणायचं नाही. फक्त कळवलं.

बाकी इथं सारं बरं चाललंय, तिथंही बरंच असो.

तुमचा,
तुळशीराम

ता.क. मुराळी होऊन या. भांडण मिटवा, न मिटवा, पण तिला आठ दिवस घेऊन जा. खरं सांगतो, समुद्राचे अजून पुष्कळ फोटो उरले आहेत आणि ती घरात असेतो परात मला मोकळी मिळत नाही. हे तिला बोलू नका.

आणखी ता.क. जानू, पाकिटाले डिंक लावाले यायनं मलेच देलं, म्हून सारं वाचलं. विहिरीचं बोलली ते माह्यं चुकलं. लई चुकलं. तेव्हापासून घास गोड लागत नाही. तू येशील म्हून वाट पाहून राह्यली होती, आता पाहत नाही. बुधवारच्या मेहकरच्या गाडीनं सुलतानपुराले मीच येऊन राह्यली. रुसायचं ते तवापर्यंत रुसून घे, मंग मले टाइम नाही.

तुही ताई